नऊ जणांपुढे शून्य

आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. कवीला त्यातलं काय कळतं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर मी कोल्हापूरचा आहे, एवढंच सांगतो. आमच्याकडे पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली माणसं दुकान पोरांवर सोपवून निघतात. सामना दीड तासाचा; त्यावरची चर्चा पुढचा सामना होईपर्यंत. आणि त्या चर्चेत गोल कुणी घातला यापेक्षा गोल कुणी घालवला यावर जास्त बोलणं होतं. त्या बोलण्यात मी लहानाचा मोठा झालो. पण आज सांगायचं आहे ते कोलकात्याचं, मोहमेडन स्पोर्टिंग या संघाचं आणि त्याच्या पाठीराख्यांचं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एका कविसंमेलनासाठी मी कोलकात्याला गेलो होतो. संमेलन आटोपलं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. तिथला एक उर्दू कवी मित्र म्हणाला, चला आमच्या मटियाबुर्जला. लखनौचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह ज्या वस्तीत येऊन राहिले ती ही मटियाबुर्ज. आता तिथे गल्लीबोळांतून शिलाईचे कारखाने आहेत. माझ्या मित्राचे मेहुणे असाच एक छोटा कारखाना चालवतात. त्यांना सगळे मास्टर म्हणतात. तो दिवस ९ नोव्हेंबर, शनिवार. मास्टरनी मशिनी लवकर बंद केल्या आणि आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीत जाऊन बसलो. सॉल्ट लेकच्या मैदानावर ईस्ट बंगाल आणि मोहमेडन यांचा इंडियन सुपर लीगमधला सामना होता आणि टपरीत टीव्ही होता.

टपरीत पंधरा-वीस माणसं असतील. एक काज-बटणं करणारा पोरगा, अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बनियन. दोघं-तिघं कटिंगवाले. कोपऱ्यात बाकावर एक म्हातारे गृहस्थ, खिदिरपूरच्या गोदीतून निवृत्त झालेले. त्यांना बडे मियाँ म्हणत. माझी ओळख करून देताना मित्राने सांगितलं, हे मराठीत शायरी करतात. पोरगा म्हणाला, "मग शायर साहब, आमच्या फॉरवर्ड लाइनवर एखादा मर्सिया लिहा." सगळे हसले. मर्सिया म्हणजे शोकगीत. सामना सुरू व्हायला अजून अर्धा तास होता.

मर्सियाचं कारण असं. त्या वर्षी एप्रिलमध्ये, ६ तारखेला, मोहमेडनने शिलाँगला जाऊन लाजाँग संघाला २-१ असं हरवलं आणि आय-लीग जिंकली. त्या विजयाने त्यांना सुपर लीगचं दार उघडलं. कोलकात्याचे तिन्ही मोठे संघ पहिल्यांदाच या लीगमध्ये एकत्र आले. मटियाबुर्जमध्ये तेव्हा मिठाई वाटली होती, असं मास्टर सांगत होते. मग सप्टेंबर उजाडला.

पहिला सामना १६ सप्टेंबरला, नॉर्थईस्ट युनायटेडशी. पूर्ण नव्वद मिनिटं बरोबरी आणि भरपाईच्या वेळेत गोल खाल्ला. हार, ०-१. पाच दिवसांनी एफसी गोवा. या वेळी अर्जेंटिनाच्या ॲलेक्सिस गोमेझने पेनल्टीवर गोल करून आघाडी मिळवून दिली आणि पुन्हा भरपाईच्या वेळेतच गोव्याने बरोबरी साधली. तिसऱ्या सामन्यात चेन्नईत जाऊन १-० असा विजय. तो गोल मिझोरामच्या लालरेमसांगा फनाईचा. लोक म्हणाले, आता गाडी रुळावर आली. मग मोहन बागानकडून ०-३, केरळ ब्लास्टर्सकडून १-२, हैदराबादकडून घरच्या मैदानावर ०-४. केरळविरुद्धचा तो एक गोलही पेनल्टीचाच, उझबेकिस्तानच्या मिर्जालोल कासिमोव्हचा.

हिशेब टपरीत तोंडपाठ होता. सहा सामने, तीन गोल. त्यातले दोन पेनल्टीचे. म्हणजे चालू खेळात, चेंडू एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जात जात जाळ्यात गेला असं सहा सामन्यांत एकदाच घडलं होतं. पोरगा बोट वर करून म्हणाला, "एक. नऊ तासांत एक. तेवढ्या वेळात मी किती शर्टांना काजं करतो, विचारा मास्टरना."

त्यावर जे सुरू झालं ते मला इतकं ओळखीचं होतं की क्षणभर मी कोल्हापुरातच आहे असं वाटलं. भाषा तेवढी उर्दू आणि बंगालीची खिचडी.

पोराचं म्हणणं सरळ होतं. गोल घालणारा माणूसच नाही. गेल्या वर्षी ज्यांनी गोल घातले त्यांना जाऊ दिलं. होंडुरासचा एडी हर्नांडेझ गेला. डेव्हिड लाललानसांगा, २०२३ च्या डुरांड स्पर्धेत ज्याने सगळ्यांत जास्त गोल केले, तो तर ईस्ट बंगालमध्येच गेला. म्हणजे ज्यांच्याशी आज सामना त्यांच्याच घरी. ज्या भांड्यात स्वयंपाक केला ते शेजाऱ्याला दिलं आणि आता जेवण का नाही म्हणून विचारता, असं तो म्हणाला. कटिंगवाल्यांपैकी एकाला हे पटेना. त्याच्या मते नवा आघाडीवीर सीझर मान्झोकी वाईट नव्हता, तो पुढे एकटा पडत होता. त्याला दोन माणसं चिकटलेली, आणि मधल्या फळीतून कुणी वेळेवर पोचतच नाही. एकटा माणूस काय करणार? भिंतीशी कुस्ती?

मास्टर ऐकत होते. ते म्हणाले, "शर्ट बिघडला की सगळे शिवणाऱ्याला बोलतात. कारण शेवटी हात त्याचा लागलेला असतो. पण कापड कापतानाच तिरकं गेलं असेल तर शिवणारा काय करील? बाही ओढून ओढून जुळवील. मग ती काखेत काचेल." त्यांचं म्हणणं, गोल पुढे होतच नाही. तो पार मागे होतो, जिथे बचावपटू चेंडू घेऊन डोकं वर करतो आणि ठरवतो की लांब भिरकावायचा की जवळच्याला द्यायचा. मोहमेडनचं कटिंग चुकत होतं. चेंडू मागून घाईने उडायचा, मान्झोकी उडी मारायचा, दुसऱ्याचा बचावपटू डोक्याने परत पाठवायचा, आणि पुन्हा तेच. गोमेझसारखा चेंडू पायात ठेवून खेळणारा माणूस मान वर करून आभाळातला चेंडू बघत राहायचा.

मला हे इतकं आवडलं की मीही तोंड घातलं. म्हटलं, गझलेचंही तसंच असतं, मतल्यात जमीन चुकली की पुढचे शेर... मास्टरनी हात वर केला. "शायर साहब, गझल नंतर. लाइन-अप दाखवतायत."

बडे मियाँ एवढा वेळ काही बोलले नव्हते.

श्रोतेहो, सामना सुरू होतोय तोवर मी तुम्हाला सांगतो की या संघाशी माझं काय नातं. मोहमेडन स्पोर्टिंग हा क्लब १८९१ चा. मोहन बागानने १९११ साली आयएफए शील्ड जिंकली, बहुतेक सगळे अनवाणी खेळून, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण कलकत्त्याची लीग तेव्हा कुठल्याच भारतीय संघाला जिंकता आली नव्हती. शील्ड म्हणजे चार-पाच सामने. लीग म्हणजे सबंध पावसाळा. कोरड्या मैदानावर अनवाणी पाय बुटांना भारी पडत, चिखलात मात्र ते घसरत. मोहमेडनच्या लोकांनी यावर साधा उपाय केला. ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय लावून घेतली. १९३४ साली त्यांनी लीग जिंकली आणि पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षं दुसऱ्या कुणाला मिळू दिली नाही. त्यांच्या आघाडीच्या फळीतला मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोला गेला आणि सेल्टिक या नामांकित क्लबकडून दोन सामने खेळला. तेही अनवाणी, पायाला पट्ट्या गुंडाळून. १९४० साली याच संघाने डुरांड कप जिंकला आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला.

रोव्हर्सपाशी आमच्या घराचा धागा लागतो. अब्बा तरुणपणी काही वर्षं मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत. १९५६ साली मोहमेडनने पुन्हा रोव्हर्स जिंकला तेव्हा ते कूपरेजवर होते. कोल्हापूरला परत आल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं ते सामने आम्हाला ऐकवत राहिले. गंमत म्हणजे त्यांच्या गोष्टीत कप कधीच नसायचा. असायचा तो डावीकडून पळणारा कुणी एक खेळाडू. त्याचं नाव ते दर वेळी वेगळं सांगायचे आणि अम्मी आतून हसायची. "डावीकडून निघाला, आणि आत वळलाच नाही. रेषेला चिकटून गेला. त्यामुळे मधे जागा झाली." आत न वळता मधे जागा कशी झाली हे मला फार उशिरा कळलं.

कोल्हापुरात नोकरीत असताना एक सहकारी मला म्हणाला होता, "तुम्ही लोक सगळे त्या मोहमेडनचेच असणार की." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. थोडंसं होतं. मी उत्तर दिलं नाही, पण ते डोक्यात राहिलं. खरं काय ते सांगतो. क्लबचं नाव तसं आहे म्हणूनच ती माणसं त्याच्याभोवती जमली, हे नाकारण्यात अर्थ नाही. चाळीसच्या दशकात या नावाभोवती राजकारणही जमलं होतं, तेही नाकारण्यात अर्थ नाही. अब्बाही त्याच नावामुळे पहिल्यांदा कूपरेजवर गेले असतील. पण कोल्हापुरात ते आमच्या पेठेच्या तालमीचे होते. तिथे गणपती बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात, आणि दोन्हींपुढे हात जोडून पोरं सामन्याला जातात. तिथल्या संघावर ते मोहमेडनइतकेच चिडायचे. आणि २०२४ चा हा मोहमेडन संघ बघाल तर मिझोराम-मणिपूरची पोरं, अर्जेंटिना, उझबेकिस्तान, फ्रान्स, घाना इथले खेळाडू, प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह रशियाचे. चालू खेळात झालेला तो एकुलता एक गोल फनाईचा. मटियाबुर्जचा तो काज-बटणवाला पोरगा फनाईबद्दल असा बोलत होता की जणू तो त्याचा चुलतभाऊ लागतो आणि घरात त्याचे लाड पुरेसे होत नाहीत.

तर सामना सुरू झाला.

ईस्ट बंगालची अवस्था मोहमेडनहून वाईट होती. लीगमधले पहिले सहाच्या सहा सामने ते हरले होते. एकही गुण नाही. दोन उपाशी माणसं एका ताटावर बसावीत तसा तो सामना होता. पहिला अर्धा तास धक्काबुक्कीत गेला. आणि अर्ध्या तासाच्या आसपास, बघता बघता, ईस्ट बंगालच्या नंदकुमारला लाल कार्ड मिळालं. टपरीत एकच आरडाओरडा. तो थांबतो न थांबतो तोच नाओरेम महेशलाही बाहेर काढलं. ईस्ट बंगालचे नऊच खेळाडू उरले. मोहमेडनचे अकरा. आणि खेळायला तासभराहून जास्त वेळ.

पोरगा बाकावर चढला. "सगळ्यांना चहा, माझ्याकडून!" टपरीवाल्याने मोजून वीस पेले मांडले. मला एकाने मिठी मारली, जणू ते कार्ड मीच दाखवलं होतं. मास्टर हसत होते. बडे मियाँ तेवढे हसले नाहीत. ते पहिल्यांदाच बोलले. "नऊ जण अकरांपेक्षा कठीण असतात," म्हणाले.

मला ते तेव्हा म्हाताऱ्याचं उगाच बोलणं वाटलं. पण फुटबॉल बघणाऱ्याला यातलं मर्म हळूहळू कळतं. अकरा जण खेळतात तेव्हा त्यांनाही जिंकायचं असतं. ते पुढे येतात, पुढे आले की त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा पडते, आणि आक्रमण म्हणजे दुसरं काय, त्या जागेत त्यांच्याआधी पोचणं. नऊ उरले की ते जिंकायचा विचार सोडून देतात. एक गोलरक्षक आणि त्याच्यापुढे आठ जणांच्या दोन ओळी, गोलच्या तोंडाशी. पाठीमागे जागाच नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर चेंडू या बाजूकडून त्या बाजूला इतक्या वेगाने फिरवायचा की आठ जणांची ती चादर ओढता ओढता कुठेतरी फाटेल. त्यासाठी दोन माणसं अगदी रेषेला चिकटून उभी हवीत. नाहीतर लांबून ताकदीने मारत राहायचं. याला धीर लागतो. आणि सहा सामन्यांत तीन गोल करणाऱ्या संघाकडे सगळं असेल, धीर नसतो.

मध्यंतर झालं. ०-० होतं. चहाची दुसरी फेरी कुणी मागवली नाही.

उत्तरार्धात मोहमेडनकडे चेंडू राहिला, पण टपरीतला आवाज उतरत गेला. जो तो घाईत. जो बाजूला जायचा तो लगेच आत चेंडू फेकायचा आणि आत ईस्ट बंगालची डोकी तयारच. "आत वळू नको, आत वळू नको," असं कुणीतरी पुटपुटत होतं. पाहतो तर ते मीच म्हणत होतो, आणि मराठीत. कटिंगवाला ओरडत होता, मार, मार. पोरगा ओरडत होता, पास दे. दोघं एकाच खेळाडूला ओरडत होते. शेवटच्या दहा मिनिटांत कुणीच ओरडलं नाही. शिट्टी वाजली. ०-०. ईस्ट बंगालला त्या हंगामातला पहिला गुण मिळाला. त्यांचे नऊ जण जिंकल्यासारखे एकमेकांच्या गळ्यात पडले. आमच्या टपरीत टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला. पोराने वीस चहांचे पैसे मोजून दिले.

मग चर्चा. पण आधीसारखी नाही. आधी सगळे आपापला मुद्दा मांडत होते, आता सगळे कुणाला तरी शोधत होते. मान्झोकी. प्रशिक्षक. क्लब चालवणारे. ज्यांनी डेव्हिडला सोडलं ते. मी कितीतरी वर्षं शाहू स्टेडियमबाहेर हेच ऐकत आलो आहे. हरल्याची चर्चा आणि न जमलेल्या गोलची चर्चा यांत फरक असतो. हरलो तर समोरचा चांगला खेळला असं म्हणून सुटता येतं. नऊ जणांपुढे गोल होत नाही तेव्हा सुटायला जागा नसते.

बडे मियाँनी पेला खाली ठेवला. ते साठच्या दशकापासून मैदानावर जात आलेले. १९६७ ची लीग त्यांनी पाहिली, १९८१ ची पाहिली, आणि त्यानंतर पुन्हा लीग जिंकायला २०२१ उजाडलं ती चाळीस वर्षंही पाहिली. मी विचारलं, मग आज मैदानावर का नाही गेलात? टपरी गप्प झाली. मास्टर मला डोळ्यांनी नको म्हणत होते, पण प्रश्न सुटून गेला होता.

ते म्हणाले, "२० तारखेनंतर जात नाही."

२० ऑक्टोबरला किशोर भारती मैदानावर केरळ ब्लास्टर्सचा सामना होता. मोहमेडन आधी आघाडीवर होता, मग दुसऱ्या अर्धात दोन गोल खाल्ले. गॅलरीतून बाटल्या आणि हाताला येईल ते फेकलं गेलं. सामना काही मिनिटं थांबवावा लागला. वर्तमानपत्रांत आलं, सगळ्यांनी वाचलं. बडे मियाँ त्या गॅलरीत होते.

"तुम्ही सगळे विचारता, गोल का होत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पहिल्या दोन सामन्यांत शेवटच्या मिनिटाला मार खाल्ला. तिथून ही पोरं घाबरली. पुढे माणूस पाठवायचा तर मागे रिकामं होईल, या भीतीने पाठवतच नाहीत. एवढं तर फुटबॉल आहे, एवढं सगळ्यांचं होतं. त्यातून संघ वर येतात. पण मग आम्ही काय केलं? आम्ही बाटल्या फेकल्या. आता ज्या पोराला लांबून मारायचं आहे तो विचार करतो, चुकला तर वरून काय येईल. तो मारतच नाही. शेजारच्याला देतो. शेजारचाही तेच करतो. आज तुम्ही जे बघितलं ना, चेंडू असा फिरतोय, असा फिरतोय आणि कुणी मारत नाही, त्यात माझी गॅलरीपण खेळत होती."

पोरगा म्हणाला, "चाचा, तुम्ही थोडीच फेकली."

"शेजारच्याने फेकली. मी त्याचा हात धरला नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. मी तर पाहुणा. पण खरं सांगतो, मी आयुष्यात फुटबॉलबद्दल जेवढ्या चर्चा ऐकल्या त्यांत दोष शोधताना कुणी स्वतःच्या बाकापर्यंत आलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्यांचं निदान बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही. प्रशिक्षक ऐकते तर कदाचित म्हणाले असते, चाचा, तसं नाही, आमच्या उजव्या बगलेला अडचण होती. पण बाटली फेकणं हे ०-४ पेक्षा वाईट, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. आणि आपण ते मुकाट पाहणं त्याहून फार चांगलं नाही, हे मला त्या टपरीत कळलं. आमच्या कोल्हापुरातही मैदानाबाहेर हाणामाऱ्या झालेल्या आहेत, दगड उडालेले आहेत. त्या वेळी मीही शहाण्यासारखा घरी निघून आलेलो आहे. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर बसून मी बचावफळीवर बोललो होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या हंगामात मोहमेडनचं काही जमलं नाही. पगार थकल्याबद्दल खेळाडूंची नाराजी उघडपणे बाहेर आली, जानेवारी २०२५ मध्ये प्रशिक्षक चेर्निशोव्हही सोडून गेले. म्हणजे मास्टरांचं कटिंगचं म्हणणं आम्हाला वाटलं त्याहूनही मागे जाऊन खरं निघालं. चोवीस सामन्यांत संघाने एकूण बारा गोल केले, आणि तेरा संघांत तो तेरावा आला. जिंकला फक्त दोन सामने. त्यातला दुसरा मात्र सांगितला पाहिजे. ११ जानेवारीला, बंगळुरूत, बंगळुरूच्याच संघाविरुद्ध. सामना संपत आला होता, ०-० होतं, फ्री किक मिळाली, आणि कासिमोव्हने लांबून सरळ गोलमध्ये मारली. १-०.

त्या रात्री मटियाबुर्जहून मास्टरांचा फोन आला. मागे टपरीतला गोंधळ ऐकू येत होता. पोराने फोन ओढून घेतला, "शायर साहब, मारला! लांबून मारला!" मी विचारलं, बडे मियाँ आहेत का? आहेत, पण बोलत नाहीत, रडतायत, असं उत्तर आलं. मग मागून त्यांचाच आवाज, की तो खोटं बोलतोय, डोळ्यांत धूर गेलाय.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मीच फोन केला. म्हटलं नवा हंगाम सुरू व्हायचे दिवस, विचारावं पुढे कोण खेळतंय. तर हंगामच नव्हता. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला होता, नवा झाला नव्हता, आणि जुलैमध्येच लीग पुढे ढकलल्याचं जाहीर झालं होतं. मला ते वाचून माहीत होतं, पण टपरीतून ऐकणं वेगळं. मास्टर म्हणाले, टीव्हीवर जुने सिनेमे लावतात. लोक येतात, बसतात, पण भांडायला काही नाही. पोराने दुसरीकडे काम धरलंय. संध्याकाळी मात्र अजून येतो.

"मग बोलता कशावर?"

"त्याच सामन्यावर. नऊ जणांच्या."

फोन बडे मियाँकडे गेला. त्यांनी सलाम केला, तब्येत विचारली, कोल्हापुरात पाऊस कसा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "मी विचार केला. त्या दिवशी दुसरा अर्ध सुरू होताना एक माणूस उजवीकडे रेषेला नुसता उभा करायचा होता. चेंडू द्यायचाच नाही त्याला. नुसता उभा."

मी म्हटलं, "बडे मियाँ, उजवीकडे नाही. डावीकडे."

"डावीकडे का?"

मग मी त्यांना अब्बांच्या त्या कूपरेजवरच्या खेळाडूबद्दल सांगायला लागलो. त्यांनी मधेच तोडलं. ते म्हणाले, ५६ सालचं कूपरेजचं मैदान वेगळं, सॉल्ट लेक वेगळं, आणि तुमच्या अब्बांनी सांगितलेला तो खेळाडू मुळात उजव्या पायाचा असला पाहिजे, नाहीतर तो आत वळलाच असता. मी म्हटलं, अब्बांनी तसं कधी सांगितलं नाही. ते म्हणाले, तेच तर, विचारायला हवं होतं. पाऊण तास झाला. शेवटी मास्टरांनी फोन काढून घेतला, कारण तो त्यांचा होता.